ठेव म्हणून आलेली छायाचित्रे

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो आणि लग्नाचे अल्बम तिथे होतातच, परंतु अलीकडे जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती हेच त्यांचे मुख्य काम झाले आहे. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, संस्थानच्या नोकरीत असलेल्या मराठी घराण्यांच्या ट्रंकांतून आणि भिंतींवरून अजूनही असे फोटो निघतात, की ज्यांचा वरचा थर काचेला चिकटून गेलेला असतो किंवा ज्यांची कड वाळवीने खाल्लेली असते. मूळ प्रत टपालाने पाठवण्याचा धीर लोकांना होत नाही. म्हणून ते घरीच स्कॅन करतात किंवा मोबाईलने टिपतात आणि स्टुडिओच्या संकेतस्थळावरून पाठवतात. ते संकेतस्थळ मी सांभाळते, आणि आलेली चित्रे कुठे ठेवायची याचा निर्णय मला अलीकडेच नव्याने घ्यावा लागला.

तो का घ्यावा लागला, हे आधी सांगितले पाहिजे. पूर्वी ही चित्रे संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर एका फोल्डरात पडत आणि प्रत्येकीला चढता क्रमांक मिळे. एका ग्राहक बाईंच्या सुनेने आपल्या फोटोचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला, शेवटचा आकडा एकाने वाढवला, आणि तिच्यासमोर एका अनोळखी घरातील बाळंतिणीच्या खोलीचा फोटो आला. तिने तो बंद करून लगेच स्टुडिओत फोन केला. तिच्या जागी दुसरे कोणी असते, तर त्याने एकेक आकडा वाढवत सगळीच चित्रे उतरवून घेतली असती. ती रचना मीच केली होती. ग्राहकाने दिलेला फोटो ही ठेव असते, आणि ठेवीला कुलूप नसणे ही चूक लहान मानता येत नाही.

स्टुडिओच्या काकांनी पहिला उपाय सुचवला तो असा: “अगं, ड्राइव्हवर प्रत्येकाचा एक फोल्डर कर आणि त्याची लिंक देत जा.” कल्पना सोपी होती, पण ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडता येणारा फोल्डर कोणीतरी आठवणीने बंद करेपर्यंत उघडाच राहतो. ती लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेली, की पुढे ती कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय ते खाते एखाद्या व्यक्तीचे असते. ती व्यक्ती स्टुडिओ सोडून गेली, तर ठेवीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

इंटरनेटवर फाइली साठवून देणाऱ्या सेवांची तुलना बहुतेक ठिकाणी दर जीबीच्या दरावरून केलेली आढळते, म्हणून मीही हिशेब मांडून पाहिला. सहा इंच बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर ३६०० गुणिले २४०० पिक्सेल होतात, आणि आकार न आवळता (कॉम्प्रेस न करता) ठेवल्यास तो साधारण २६ एमबी भरतो. जेपीजी करून येणारे फोटो त्याहून बरेच लहान असतात. सगळे मिळून आमच्याकडे महिन्याला २ जीबी येतात, म्हणजे काहीच पुसले नाही तर वर्षाअखेर २४ जीबी. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ या सेवेचा मुंबईतील साधा दर मी पाहिला तेव्हा जीबीला दरमहा अडीच सेंट होता. वर्षभराचा साठा ठेवण्याचा मासिक खर्च त्या दराने साठ सेंट, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये होतो. क्लाउडफ्लेअरच्या आर-२ सेवेत चित्रे बाहेर उतरवून घेण्याचे शुल्क मुळीच नाही आणि बॅकब्लेझचा दर आणखी कमी आहे. पण पन्नास रुपयांतले काही रुपये वाचवण्यासाठी सेवा निवडणे मला बरोबर वाटले नाही. लाखो चित्रे रोज उतरवली जाणाऱ्या व्यवसायाने मात्र बाहेर जाणाऱ्या माहितीचे शुल्क आधी पाहावे, कारण तिथे बिल त्यानेच फुगते.

मग माहिती प्रत्यक्ष कोणत्या ठिकाणी राहते, याचा विचार केला. अ‍ॅमेझॉन आणि गूगल या दोघांचीही केंद्रे मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचे मध्य भारत केंद्र पुण्यात आहे. आर-२ मध्ये आशिया-पॅसिफिक अशी पसंती कळवता येते, परंतु माहिती भारतातच राहील असे बांधून घेता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती देशातच ठेवण्याची सरसकट सक्ती केलेली नाही. केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध घालील, तिथे ती नेता येणार नाही, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे मुंबईचा आग्रह मी कायद्यासाठी धरला नाही. आपल्या आजीचा फोटो कुठे आहे असे ग्राहकाने विचारले, तर त्याला एका शब्दात खरे उत्तर देता यावे, एवढेच त्यामागचे कारण होते.

निर्णय खरोखर फिरला तो अपलोडच्या पद्धतीवर. चित्र आमच्या सर्व्हरमधून न जाता थेट साठवणुकीत जावे, यासाठी सर्व्हर ग्राहकाच्या ब्राउझरला अल्पमुदतीचा, सही केलेला परवाना देतो. त्याला प्रीसाइन्ड लिंक म्हणतात. एस-३ मध्ये अशी लिंक जास्तीत जास्त सात दिवसांची करता येते. आम्ही अपलोडसाठी पाच मिनिटांची आणि पाहण्यासाठी दहा मिनिटांची करतो, कारण मुदत असेपर्यंत ती ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी दार उघडते. ही लिंक करण्यापूर्वी, लॉगिन केलेली व्यक्ती आणि त्या कामाची मालक एकच आहे ना, हे सर्व्हर प्रत्येक वेळी तपासतो. आमचे खरे कुलूप ते आहे. ‘फोटो तयार आहे’ असे कळवणाऱ्या ईमेलमध्येही सही केलेली लिंक घालत नाही, लॉगिनच्या पानाचाच पत्ता देतो. अपलोडच्या परवान्यात चित्राच्या आकाराची मर्यादा घालणे मला आवश्यक वाटत होते. एस-३ मध्ये ‘पोस्ट’ (ब्राउझरच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याच्या) पद्धतीच्या परवान्यात अशी अट लिहिता येते, आणि मी तपासले तेव्हा आर-२ मध्ये ती पोस्ट पद्धत उपलब्ध नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून मी एस-३ घेतली.

बकेटची, म्हणजे एस-३ मध्ये फाइली ठेवण्याच्या कप्प्यांची, मांडणी करताना मला जुन्या वाड्याची आठवण उपयोगी पडली. बाहेरून आलेला माणूस थेट माजघरात जात नाही, आधी देवडीवर थांबतो. त्याप्रमाणे देवडी आणि माजघर अशा दोन बकेट केल्या. ग्राहकाचा ब्राउझर केवळ देवडीत चित्र ठेवू शकतो. तिथले वाचणे किंवा यादी पाहणे त्याला शक्य नाही. ब्राउझर जो प्रकार सांगतो त्यावर विश्वास न ठेवता एक छोटा प्रोग्रॅम फाइलचे पहिले काही बाइट पाहून ती खरोखर चित्र आहे का हे तपासतो. एसव्हीजी ही मजकुराच्या रूपात लिहिलेली चित्राची फाइल आम्ही स्वीकारतच नाही, कारण तिच्यात स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम, दडवता येते. आयफोनवरून आलेली हेइक (HEIC) प्रकारची चित्रे तो बदलून घेतो. त्यानंतर चित्र नव्याने लिहून, एक्झिफ नोंदी (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली वेळ, स्थान वगैरे माहिती) काढून, माजघरात ठेवले जाते. भिंतीवरच्या जुन्या फोटोचा मोबाईलने काढलेला फोटो अनेकदा त्या घराचे अक्षांश-रेखांश बरोबर घेऊन येतो, हे किती जणांना ठाऊक असते? माझ्याच काकूंनी पाठवलेल्या चित्रात त्यांच्या घराचे नेमके स्थान मला सापडले, तेव्हापासून ही पायरी मी कधी वगळलेली नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते: चित्र कोणत्या बाजूने उभे धरायचे हेही एक्झिफमध्येच लिहिलेले असते, म्हणून आधी ते फिरवून मगच नोंदी पुसाव्यात. नाही तर माणसे आडवी होतात.

फाइलला नाव देताना ग्राहकाचे नाव किंवा फोन नंबर वापरत नाही. ही नावे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदींत, उमटतात, म्हणून यादृच्छिक ओळखक्रमांक देतो. एप्रिल २०२३ पासून एस-३ ची नवी बकेट सार्वजनिक प्रवेश रोखूनच तयार होते, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीपासून प्रत्येक नवी फाइल आपोआप एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) होते. यांतील पहिली गोष्ट फार मोलाची आहे. दुसरीचा मात्र लोक नको तेवढा आधार घेतात. ते एन्क्रिप्शन चोरीला गेलेल्या डिस्कपासून वाचवते. परवानगीच चुकीची दिलेली असेल, तर सेवा फाइल मुकाट्याने उलगडून मागणाऱ्याच्या हाती देते.

सर्वांत अधिक वेळ मी पुसण्यावर घालवला. एस-३ च्या टिकाऊपणाचा अकरा नवांचा, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्क्यांचा आकडा प्रसिद्ध आहे, परंतु तो यंत्रे बिघडण्यासंबंधी आहे. माझ्या हातून चुकून आज्ञा गेली तर फाइल त्याच विश्वासूपणाने नाहीशी होईल. मूळ फोटो पुढे फाटला किंवा हरवला, तर आमच्याकडची प्रतच शेवटची ठरू शकते. म्हणून माजघरात व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय, चालू केले. पण व्हर्जनिंग चालू असताना साध्या आज्ञेने ‘पुसली’ म्हटलेली फाइल पुसली जात नाही. तिच्यावर पुसल्याची खूण लागते आणि जुनी आवृत्ती खाली तशीच राहते. ग्राहकाला ‘काढून टाकला’ असे सांगायचे आणि फोटो आत पडून राहू द्यायचा, हे खोटे बोलणे झाले. दोन्ही बाजू सांभाळण्यासाठी जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी कायमच्या नष्ट करणारा नियम लावला, आणि संकेतस्थळावर ‘आपला फोटो आजपासून ३० दिवसांनंतर पूर्णपणे नष्ट होईल’ असे स्पष्ट लिहिले. काम संपल्यावर ९० दिवसांनी, कोणी मागणी केली नाही तरी, फोटो याच वाटेने जातो. अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे यादीत दिसत नाहीत पण जागा आणि पैसे खातात, म्हणून तेही सात दिवसांनी काढून टाकण्याचा नियम आहे.

२०२३ च्या त्या माहिती संरक्षण कायद्याविषयी काकांना एकच मुद्दा समजावून सांगावा लागला. साठवणूक दुसऱ्या कंपनीकडे दिली तरी ग्राहकाला जबाबदार स्टुडिओच असतो, आणि सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. काकांना दंडापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. दुरुस्तीसाठी आलेला फोटो त्याच कामापुरता आपला असतो, त्यामुळे ग्राहकाची संमती घेतल्याशिवाय तो दुकानाच्या शोकेसमध्ये लावता येणार नाही, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले, कारण त्यांच्या वडिलांच्या काळापासून सुंदर फोटो काचेमागे लावण्याची त्या दुकानाची रीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शोकेसमधील सात फोटो उतरवले. ज्यांची कुटुंबे बडोद्यात आहेत त्यांच्याकडे ते विचारायला गेले. चार परत लागले आहेत.

जुन्या सर्व्हरवरील चित्रे मी नव्या जागी आणली, मागील कामांची ज्यांची मुदत उलटली होती ती तिथल्या तिथे पुसली, आणि तो फोल्डर रिकामा केला. त्या होस्टिंग सेवेने घेतलेल्या बॅकअपमध्ये मात्र त्यांच्या प्रती असणार. त्या कधी नष्ट होतील, हे लेखी कळवा, असे पत्र मी त्यांना पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत स्टुडिओच्या नोंदवहीतील त्या ओळीपुढे ‘बाकी’ असे लिहून ठेवले आहे, आणि दर सोमवारी मी त्यांना पुन्हा लिहिते.