व्हेरिफिकेशन बंद करण्याआधी घड्याळ बघा

निफाडकडे मामांची कांदाचाळ आहे. तिथलं तापमान आणि आर्द्रता कळत राहावी म्हणून रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर माझा एक छोटा पायथन प्रोग्राम चालतो. तो माझ्या सर्व्हरशी वेबसॉकेटने, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणाऱ्या सतत उघड्या जोडणीने, जोडलेला असतो. आकडे इकडे येतात, पंखे चालू-बंद करायचे हुकूम तिकडे जातात. हुकूम जातात म्हणूनच जोडणी डब्ल्यूएसएसचीच, म्हणजे टीएलएस या सुरक्षा थराच्या आतलीच हवी, असा माझा आग्रह आहे.

यंदा पाय बरेच महिने खोक्यात पडून होता. चाळ भरल्यावर चालू केला, तर जोडणीच होईना. ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी फसली. मामेभावाने नेटवरून उपाय शोधूनही ठेवला होता. "ताई, एसएसएल कॉन्टेक्स्टमध्ये सर्ट नन टाकलं की लगेच जोडतंय बघ."

"जोडेल रे, पण कोणाशी?"

एसएसएल हे टीएलएसचंच जुनं नाव, आणि कॉन्टेक्स्ट म्हणजे प्रोग्राममधल्या त्याच्या सेटिंग्ज. टीएलएस दोन कामं करतं. मजकूर कुलूपबंद करतं, आणि समोरचा सर्व्हर खरंच आपलाच आहे हे तपासतं. सर्ट नन, म्हणजे ‘सर्टिफिकेट तपासूच नको’, टाकलं की दुसरं काम बंद. मग मध्ये कोणीही स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन उभा राहिला तरी आपला क्लायंट त्याच्याशी अगदी सुरक्षितपणे बोलत बसेल, आणि त्याचेच हुकूम पाळेल. हे मला अजिबात चालत नाही, चाळीसाठीसुद्धा नाही.

एररची ओळ शेवटपर्यंत वाचली की कारण सापडतं. शेवटी होतं, ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना जतन केलेली वेळ तो चालू झाल्यावर पुन्हा उचलतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तीच धरून चालतो. माझं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं. खोक्यातल्या महिन्यांत ते नवं झालेलं, त्यामुळे पायच्या जुन्या तारखेला ते अजून जन्मलेलंच नव्हतं! प्रोग्राम वेळ जुळायच्या आधीच सुरू होत होता. पायवरचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘टाइम-वेट-सिंक’ सेवा चालू केली आणि माझी सेवा ‘टाइम-सिंक’ टार्गेटनंतर लावली, म्हणजे वेळ जुळल्यावरच प्रोग्राम सुरू होतो. कोडमधली एक ओळही बदलली नाही.

घरच्या टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असेल, तरी तपासणी बंद करायची गरज नाही. पायथनच्या ‘क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ला आपल्या सीएची, म्हणजे ज्याने सर्टिफिकेटवर सही केली त्याची, फाइल द्या आणि तो कॉन्टेक्स्ट ‘कनेक्ट’ला द्या. आयपीने जोडत असाल तर तो आयपी सर्टिफिकेटमध्ये असायला हवा, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून क्लायंट नकार देईल, आणि तो नकार योग्यच आहे.

टीएलएस पार पडल्यावर पुढचा टप्पा साध्या एचटीटीपी विनंतीचा. ४४३ पोर्टवर ‘अपग्रेड’ हेडर जातं आणि सर्व्हरने १०१, म्हणजे ‘वेबसॉकेटवर येतो’, म्हणायचं. २०० किंवा ४०४ आलं तर सर्टिफिकेटशी झटापट करू नका, टीएलएस केव्हाच झालंय. पाथ चुकलाय, नाहीतर विनंत्या पुढे पोचवणारा मधला एनजिनएक्स सर्व्हर अपग्रेड हेडर पुढे देत नाहीये. याच विनंतीत ‘सेक-वेबसॉकेट-की’ असते. ती पासवर्ड नाही, तिने सुरक्षितता येत नाही. समोरच्याला वेबसॉकेट कळतं एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

एनजिनएक्स मध्ये असेल तर आणखी एक. मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर तो मुळातल्या सेटिंगनुसार जोडणी तोडतो. पायथनची वेबसॉकेट्स लायब्ररी दर २० सेकंदांनी पिंग, म्हणजे ‘आहेस ना?’, पाठवते, सर्व्हरचा पाँग, म्हणजे ‘आहे’, परत येतो, त्यावर निभावतं. लाइट गेली-आली की पुन्हा जोडायचं कामही लायब्ररीवर सोपवता येतं, दर वेळी थांबण्याचा वेळ ती वाढवत नेते. सर्टिफिकेटचा एरर मात्र मी वेगळा पकडते आणि पायची तारीख शेजारी छापून लॉगमध्ये टाकते.