आज समर्थ बघितलं

आज मुरगावला कोस्टगार्डचं समर्थ जहाज आतून बघायला मिळालं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. १०५ मीटर लांब, मागे हेलिकॉप्टर उतरायला डेक, आणि हे सगळं इथेच वास्कोत गोवा शिपयार्डला बांधलंय, कसला अभिमान वाटला सांगू! तोफेपेक्षा मला त्या छोट्या स्पीडबोटी जास्त आवडल्या, कारण खवळलेल्या समुद्रात एवढं मोठं जहाज बुडत्या होडीला चिकटवणं धोक्याचं, मग हीच पोरं बोट खाली सोडून त्या लाटांत जातात. वादळ येणार असलं की मच्छीमारांना रेडिओवरून परत फिरा म्हणून सांगणारे पण हेच. खरंच सलाम. आणि ज्यांच्या घरातलं कोणी समुद्रावर जातं त्यांनी १५५४ नंबर सेव्ह करा प्लीज, कोस्टगार्डचा आहे, टोल फ्री.