तीन तास, वीस उत्तरं

यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणार, असं सांगितलं की समोरचा एकतर कौतुक करायचा नाहीतर कीव. पुण्यात नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत कीव करणारे जास्त होते. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. उत्तरं मराठीत लिहायची मुभा असली तरी प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. टेस्ट सिरीज बहुतेक इंग्रजीत, आणि मराठीत लिहिलेलं उत्तर नीट तपासून देणारा माणूस शोधूनही सापडत नाही. पण मी धुळे जिल्ह्यातली, घरात अहिराणी, शाळा मराठी. कृषी पदवी इंग्रजीतून झाली असली तरी नऊ मिनिटांत एखाद्या प्रश्नावर मत मांडायचं झालं, तर ते मला मराठीतच सुचतं. त्यामुळे माध्यमाचा प्रश्न माझ्यापुरता लवकर सुटला. खरी अडचण हाताची होती.

माझी आधीची सगळी तयारी राज्यसेवेची. तेव्हा राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत भाषेचा एक पेपर सोडला तर बाकी सगळे पेपर चार पर्यायांचे. वर्षानुवर्षं आम्ही गोळे काळे केले. कलम कितवं, समिती कोणाची, साल कुठलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती ती याच कारणाने. राज्याच्या लोकसेवा आयोगाने वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहायची पद्धत आणायचं ठरवलं होतं आणि ती लगेच नको, २०२५ पासून लागू करा अशी मागणी होती. ती मान्य झाली. मी त्याच दिवसांत यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला बसायचं ठरवलं होतं, म्हणजे ज्याला सगळे घाबरत होते त्याच्याकडे स्वतःहून चालत निघाले होते.

पूर्वपरीक्षा २८ मे २०२३ ला झाली. त्या वर्षी सीसॅटने, म्हणजे गणित आणि आकलनाच्या दुसऱ्या पेपराने, भल्याभल्यांना घरी बसवलं. नुसते ६६ गुण लागतात, पण गणिताचे प्रश्न असे होते की पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेली मुलं तिथे अडकली. निकाल १२ जूनला लागला आणि मुख्य परीक्षा १५ सप्टेंबरला सुरू होणार होती. मधल्या तीन महिन्यांत नवीन वाचायला सुरुवात करणारा माणूस संपला, हे मी खात्रीने सांगते. त्या काळात फक्त लिहायचं असतं.

हिशेब असा. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी वीस प्रश्न. दहा प्रश्न दहा गुणांचे, दीडशे शब्दांत. दहा पंधरा गुणांचे, अडीचशे शब्दांत. वेळ तीन तास. दहा गुणांना सात मिनिटं आणि पंधरा गुणांना अकरा धरली की बरोबर एकशे ऐंशी मिनिटं होतात. विचार करायला, पाणी प्यायला, पेन बदलायला वेगळा वेळ नाही. चौथा पेपर नीतिशास्त्राचा, त्यात सहा प्रसंग दिलेले असतात आणि तिथे घड्याळ आणखी जोरात पळतं. जून संपेपर्यंत माझं सोळाव्या प्रश्नाच्या पुढे काही जात नव्हतं. बोटं आखडायची, अक्षर शेवटी शेवटी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं व्हायचं.

तपासणारं कोणी नाही म्हणून आम्ही तिघांनी एकमेकांच्या वह्या तपासायला घेतल्या. एक नांदेडची वकील मुलगी, एक जिल्हा परिषद शाळेतले सर, जे सुट्टी टाकून आले होते, आणि मी. त्याआधी एका क्लासला पैसे भरून पेपर दिले होते, ते 'छान, आकृत्या वाढवा' एवढ्या शेऱ्यावर परत आले. आमचा नियम वकीलबाईंनी काढला. प्रश्न झाकायचा, फक्त उत्तर वाचायचं आणि प्रश्न काय असेल ते सांगायचं. ओळखता आला नाही तर उत्तर पुन्हा लिहायचं, कितीही सुंदर असलं तरी. सुरुवातीला फार भांडणं झाली. सरांनी भूसुधारणांवर दोन पानं लिहिली, त्यात १७९३ ची कायमधारा पद्धत होती, विनोबांचं भूदान होतं, कुळकायदा होता. आम्ही दोघींनी प्रश्न ओळखला, 'भारतातील जमीनधारणेचा इतिहास सांगा'. खरा प्रश्न होता कमाल जमीनधारणा कायदा कितपत परिणामकारक ठरला. सर दिवसभर बोलले नाहीत.

गंमत म्हणजे मला सगळ्यात जड गेला तो शेतीचा भाग. जिथे माहिती कमी होती तिथे मी मुद्द्यावर राहायचे. ठिबक, हमीभाव, बाजार समिती असलं काही आलं की चार वर्षांचं कॉलेज आणि वडिलांचा कांदा दोन्ही एकदम अंगावर यायचे. त्या वर्षी ई-तंत्रज्ञान शेतकऱ्याला उत्पादनात आणि विक्रीत कसं उपयोगी पडतं, हा दहा गुणांचा प्रश्न आला. दीडशे शब्दांत उत्पादन आणि विक्री, दोन्ही. ई-नामवर, म्हणजे शेतमालाच्या ऑनलाइन बाजारावर, मला अख्खा पेपर लिहिता आला असता. लिहिल्या साडेतीन ओळी. उलट फ्योर्ड कसे तयार होतात या प्रश्नावर, जे मी फक्त नकाशात पाहिले, माझं उत्तर सरळ उतरलं. हिमनदी, यू आकाराची दरी, समुद्राचं पाणी आत शिरणं, एक आकृती, संपलं.

निबंधाचा पेपर सगळ्यात आधी, शुक्रवारी. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण. त्यात एक विषय साधारण असा होता की ज्या समाजात न्याय जास्त, त्याला दानधर्म कमी लागतो. तो मी लगेच उचलला. माझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती. त्या कामांतूनच पुढे राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. अन्नछत्रासमोर रांगेत उभं राहणं आणि हक्काने काम मागणं, यातला फरक मला कुठल्या तत्त्वज्ञाकडून उसना घ्यावा लागला नाही. क्लासवाले थोरामोठ्यांची वचनं पाठ करायला लावतात. माझ्या मते निबंधात ती दोनापेक्षा जास्त आली की तपासणाऱ्याला वही ओळखीची वाटायला लागते.

महाराष्ट्रात मुख्य परीक्षेचं केंद्र मुंबई. मी कल्याणला मामांकडे उतरले होते. १९ तारखेला गणेशचतुर्थी, म्हणजे पहिले पाच पेपर गणपतीच्या आधी आणि उरलेले चार गणपतीत. मामांकडे गौरीबरोबर जाणारा गणपती, त्यामुळे घरात पाहुणे, आरत्या, पुरणपोळीचा घाट. मामींनी शेजारच्यांच्या घराची किल्ली मिळवून दिली. ते कोकणात गेले होते. त्या रिकाम्या घरात मी चार दिवस काढले आणि जेवायला तेवढी मामींकडे जायचे.

२३ तारखेला, म्हणजे नेमकी गौरीविसर्जनाच्या दिवशी, सकाळी मराठी आणि दुपारी इंग्रजी होतं. हे पेपर तीनशे-तीनशे गुणांचे, पण नुसते उत्तीर्ण व्हायचं, पंचवीस टक्के. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. तरी त्यात नापास झालात तर बाकीचे सात पेपर तपासून गुण मोजले जात नाहीत. सारांशलेखन ज्यांनी शाळेनंतर कधी केलं नाही त्यांनी निदान दोन-तीन उतारे हाताने करून जावेत. दुसऱ्या दिवशी वैकल्पिक विषय, माझा मराठी साहित्य. त्याच्या अभ्यासक्रमात बोलींमध्ये वऱ्हाडी, डांगी यांच्याबरोबर अहिराणीही आहे. पुण्यात कायम जी दाबून बोलले, तिच्यावर गुण मिळतात हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

८ डिसेंबरला निकाल लागला, मी मुलाखतीला पात्र ठरले. खुल्या गटाची मुख्य परीक्षेची रेषा १७५० पैकी ७४१ होती. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण टॉपरांच्या मुलाखती ऐकून वाटतं की वहीभर सोनं लिहावं लागतं. साधारण बेचाळीस टक्के. विसाव्या प्रश्नापर्यंत पोचणं हीच त्यातली मोठी कमाई असते. दिल्लीत धोलपूर हाउसला, यूपीएससीच्या कार्यालयात, मुलाखत दिली, तीही मराठीतून, दुभाष्याबरोबर. १६ एप्रिल २०२४ च्या अंतिम यादीत १०१६ नावं होती, माझं नव्हतं. वकीलबाई मुलाखतीपर्यंत आल्या नाहीत. सर शाळेत परत रुजू झाले.

आता २०२५ पासून राज्यसेवाही तशीच झाली आहे. भाषेचे दोन, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिकचे दोन, भाषेचे सोडून एकूण १७५० गुण. अभ्यासिकेतली मुलं मला विचारायला येतात, वैकल्पिक कोणता घेऊ, नोट्स कुणाच्या वापरू. मी आधी त्यांना मनात असलेल्या तीन विषयांचा प्रत्येकी एक जुना प्रश्न देते आणि समोर बसून, घड्याळ लावून लिहायला सांगते. बहुतेकांचा एक विषय तिथेच गळतो, काहींचे दोन. उरलेल्या विषयाबद्दल मग आम्ही बोलतो.