तुम्ही विचारलंत म्हणून: जमीन मिळतेय, शिक्षक घडवणाऱ्या अध्यापक महाविद्यालयाची सुरुवात कुठून करायची?

गावाकडच्या संस्थाचालकांचा हा नेहमीचा प्रश्न. दाते पाच एकर द्यायला तयार आहेत, इमारतीचा नकाशाही काढून झालाय, आता पुढे काय? आमचं सांगणं एकच: नकाशा बाजूला ठेवा आणि आधी आसपासच्या शाळा मोजा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 2014 च्या नियमांत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातले 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. तुकडी 50 छात्राध्यापकांची, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांची धरा. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा पट 60 च्या आत असेल, तर शिक्षक दोनच. तिथे एकदम दहा जण धाडले की मागच्या भिंतीला टेकून निरीक्षणवह्या भरणाऱ्यांचीच गर्दी होते. गुरुजी त्यांच्या पाठांच्या टाचणांवर सह्या करून मोकळे होतात आणि शिकणं राहून जातं. अशा शाळेत चारच्या वर पाठवू नका. म्हणजे किमान 13 शाळा हव्यात, त्याही परिपाठाच्या आधी पोचता येईल इतक्या जवळ. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना सोबत घेऊन बसा, यादी करा आणि प्रत्येक शाळेपुढे सकाळच्या व परतीच्या एसटीची वेळ लिहा.

ह्या दोनशिक्षकी शाळांना कमी लेखू नका. दुसरीची मुलं काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत असतात, तेवढ्यात बाई पहिलीला वाचायला बसवतात, आणि गठ्ठे मोजायची वेळ झाली की बरोब्बर तिकडे वळतात. एकाच इयत्तेपुढे पस्तीस मिनिटांचे सराव पाठ घेऊन हे अंगी येत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून तिथे कुरणशाळा भरली. अनुताई वाघांसोबत तिथेच शिक्षकही तयार होत गेले. ग्रामीण अध्यापक महाविद्यालयानं समोर ठेवावं ते हे काम.

आता जमीन. 50 जणांना नियमानं 2500 चौरस मीटर लागते, म्हणजे पाऊण एकराहूनही कमी. त्यात 1500 बांधकाम. तेव्हा पाच एकरांच्या मोहात आडबाजूला जाऊ नका. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे जमीन सरकारी अटींवर मिळालेली असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. दात्याचं स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र पुरत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्रच हवं. खासगी भाडेपट्टा चालत नाही; मालकी हवी, नाहीतर सरकारी जागेचा किमान 30 वर्षांचा पट्टा. बिनशेतीचं काम वेळेत उरका. बांधावरची वहिवाट रस्ता म्हणून धरू नका. शेजाऱ्यानं काटेरी कुंपण घातलं की सिमेंटचा ट्रकही आत येत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख बहुशाखीय महाविद्यालयांकडे आणि चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे आहे. त्यामुळे सुटं अध्यापक महाविद्यालय काढण्यापेक्षा तालुक्यातल्या कला-विज्ञान महाविद्यालयाशी आधी बोला.

वसतिगृहात माणशी रोज 135 लिटर पाणी धरा. 60 माणसांना आठ हजार लिटर होतात. बोअरची चाचणी मे महिन्यात घ्या, श्रावणातल्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. वीजजोडणी गावठाण फीडरवरूनच, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवरूनच मागा. शेतीच्या फीडरला थ्री-फेज ठरावीक तासच मिळते, तीही कित्येकदा रात्री, आणि मग भर दुपारी संगणक कक्ष बंद. खांब किती टाकावे लागतील, त्याचं एस्टिमेट जागा पक्की करण्याआधीच काढून घ्या.