कुत्र्यांचे फोटो बघताना आधी दोर बघा

ध्रुवीय मोहिमांचे जुने फोटो आता केंब्रिज, ऑस्लो, सिडनी इथल्या संग्रहांनी नेटवर खुले केले आहेत, आणि घरबसल्या हवे तेवढे मोठे करून बघता येतात. बघणाऱ्याची नजर आधी दाढीवर गोठलेल्या बर्फाकडे जाते, मग कुत्र्यांच्या तोंडाकडे. माझं म्हणणं, आधी दोर बघा. बर्फावरून घसरत जाणारी कुत्र्यांची गाडी खरंच ओढली जात होती की फोटोपुरती उभी केली होती, हे दोर सांगतात.

कुत्री जुंपायच्या मुख्य पद्धती दोन. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांची पद्धत पंख्याची: प्रत्येक कुत्र्याचा दोर वेगळा, थेट गाडीपर्यंत, आणि कुत्री पसरून धावतात. समुद्रावर गोठलेल्या बर्फासाठी ही उत्तम, कारण वजन एका रेषेत येत नाही आणि एक कुत्रं फटीत गेलं तर बाकीची त्याच्यामागे ओढली जात नाहीत. त्रास एवढाच की कुत्री सारखी एकमेकांना ओलांडतात, दोरांचा गुंता होतो, तो गोठतो, आणि हातमोजे काढून सोडवावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत मधे एक मुख्य दोर, दोन्ही बाजूंना जोड्या, पुढे म्होरक्या. अरुंद वाटेला हे बरं, पण हिमभेगेवरचा बर्फाचा पूल कोसळला की सगळी रांग एकामागून एक आत. फेब्रुवारी १९११ मध्ये, दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीतल्या ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या गाडीचं नेमकं हेच झालं. उस्मान नावाचा म्होरक्या काठावर पाय रोवून राहिला आणि बाकीची कुत्री त्याच दोराला लोंबकळत राहिली. त्या मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंग तिथे नव्हता, त्यामुळे त्या प्रसंगाचा फोटो नाही. उस्मानचा आहे तो शांतपणे काढलेला.

आता ताण. कुत्रं ओढत असेल तर दोर सरळ, मान खाली, मागचे पाय वाकलेले, आणि गाडीमागे तिच्या धावांच्या (खालच्या घसरपट्ट्यांच्या) ताज्या दोन रेघा. दोर सैल, कान टवकारलेले, नजर कॅमेऱ्याकडे, म्हणजे थांबवून काढलेला फोटो. असेच जास्त आहेत, आणि त्यात लबाडी काही नाही. मोठा कॅमेरा तिवईवर लावायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालून घासलेल्या काचेवर फोकस साधायचा, मग निगेटिव्हच्या काचेची, म्हणजे प्लेटची, पेटी बसवायची, तिचं झाकण ओढायचं, तेव्हा कुठे शटर. तेवढा वेळ कुत्री थांबत नाहीत. म्हणून धावत्या गाडीचे फोटो बहुधा लांबून आणि बाजूने घेतलेले दिसतात.

थंडीचा जाच वेगळा. शटरमधलं वंगण घट्ट होतं, पाती रेंगाळतात आणि प्लेटवर जास्त उजेड पडतो, म्हणून वंगण पुसून काढावं लागे. श्वास लेन्सवर पडला की लगेच बर्फाचा थर. पॉन्टिंगची जीभ एकदा कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली आणि कातडी तिथेच राहिली. गार कॅमेरा तसाच उबदार झोपडीत आणला तर आतबाहेर दव धरतं. बडोद्यात जुलैमध्ये एसीच्या खोलीतून कॅमेरा गच्चीवर नेणाऱ्यांना हे उलट्या दिशेने ठाऊक आहे.

रंगांवर भरवसा ठेवू नका. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला तांबडा रंग दिसत नाही. तांबडं काळपट येतं, निळं फिकं. म्हणून आकाश पांढरंफट, आणि तांबूस कुत्रं प्रत्यक्षापेक्षा बरंच काळं. फोटोवरून कुत्र्याची जात किंवा रंग छातीठोकपणे सांगणाऱ्याला हे विचारून बघा.

पॉन्टिंगचा सगळ्यात गाजलेला कुत्र्याचा फोटो म्हणजे ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेला क्रिस. एचएमव्हीच्या तबकड्या पाहिलेल्या कुणालाही संदर्भ लगेच कळेल. मोहिमेतले ग्रामोफोन त्या कंपनीनेच दिलेले होते, तेव्हा ही सरळ जाहिरात आहे. छान आहे, पण मोहिमेबद्दल काही सांगत नाही.

फ्रँक हर्लीचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. तो शॅकल्टनच्या मोहिमेचा छायाचित्रकार. शॅकल्टनचं जहाज ‘एन्ड्युरन्स’ १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं तेव्हा कुत्र्यांसाठी बर्फावर बर्फाचीच घरं बांधली होती. ती फोटोंत नीट दिसतात. जंतांमुळे काही कुत्री आधीच मेली होती, कारण जंतांचं औषध आणायचं राहिलं होतं. टॉम क्रीनच्या कडेवरची चार पिल्लं याच मोहिमेतली. २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्री हर्लीने वीसेक ठिकाणी फ्लॅशची पूड उडवून अंधारातलं जहाज टिपलं. पुढे जहाज मोडलं, तेव्हा बुडालेल्या केबिनमधून गार पाण्यात उतरून त्याने काचेच्या निगेटिव्ह काढल्या. वजन परवडणारं नव्हतं, म्हणून शॅकल्टनबरोबर बसून सुमारे १२० ठेवल्या आणि ४०० च्या आसपास फोडल्या. फोडल्या अशासाठी की नंतर मन बदलू नये. त्यानंतर त्याच्याकडे खिशातला एक छोटा कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल एवढंच उरलं. कुत्री पुढे गोळी घालून मारली गेली. पिल्लांच्या त्या फोटोखाली मथळा लिहिताना हे गाळू नये.

हर्लीबाबत एक सावधगिरी: तो वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक फोटो करत असे, आणि मथळेही बदलत. जहाज बुडाल्यावर माणसं ज्या एलिफंट बेटावर अडकली, तिथून त्यांच्या सुटकेचा म्हणून फिरणारा फोटो खरं तर एप्रिल १९१६ मध्ये ‘जेम्स केर्ड’ होडी मदत आणायला निघतानाचा आहे.

स्कॉटचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी अमुंडसेन, त्याचं उलट: ध्रुवावर जाताना बरोबर व्यावसायिक छायाचित्रकारच नव्हता. ऑक्टोबर १९११ मध्ये चार गाड्या आणि ५२ कुत्री निघाली, ११ परत आली. ध्रुवावरचा तंबू आणि झेंड्याचा फोटो ओलाव ब्यालंडच्या साध्या कोडॅकचा, कारण अमुंडसेनचा कॅमेरा बिघडला होता. अशा फोटोची एक पडताळणी घरी करता येते. डिसेंबरच्या मध्याला ध्रुवावर सूर्य दिवसभर क्षितिजावर साधारण २३ अंशांवर असतो, म्हणजे सपाट बर्फावर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सव्वादोन पटीहून थोडी जास्त. साडेपाच फुटांच्या माणसाची सुमारे तेरा फूट. सावली आखूड दिसली तर आधी बघा ती तिरकी, कॅमेऱ्याच्या दिशेने पडली आहे का. नसेल तर तारीख किंवा जागा चुकली आहे.

अमुंडसेन व्याख्यानांत पडद्यावर दाखवत असे त्या काचपट्ट्या १९८६ मध्ये सापडल्या. त्या हाताने रंगवलेल्या आहेत, तेव्हा त्यातलं जांभळं आकाश पुरावा म्हणून वापरू नका. योगायोग असा की ध्रुवाची ही शर्यत चालू असताना, १९१० ते १३, अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन बडोद्यात सेंट्रल लायब्ररी उभी करत होते, आणि ग्रंथालय खात्यातर्फे मॅजिक लँटर्नच्या (जुन्या प्रोजेक्टरच्या) काचपट्ट्या गावोगाव दाखवल्या जात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये हे फोटो लावायचे असतील तर थोडं छपाईचं. छायाचित्रकाराच्या मृत्यूला ६० वर्षं उलटली की फोटो भारतात कॉपीराइटमुक्त होतो, पण स्कॅन देणाऱ्या संस्थेच्या वेगळ्या अटी असतात. त्या वाचून घ्या. १२ बाय १६ इंचाच्या प्रिंटला, इंचाला ३०० धरून, ३६०० बाय ४८०० पिक्सेल लागतात. दुकानदार हमखास कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि बर्फाचा कोरा कागद होतो. त्याला सांगा, सर्वांत उजळ जागा २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढरी, नको, २४५ च्या आसपास ठेव, म्हणजे गाडीच्या धावा आणि पंजांचे ठसे टिकतात. कागद मॅट. चौकटीत काच आणि प्रिंट यांच्यात आम्लमुक्त पुठ्ठ्याची किनार घाला, नाहीतर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटतो. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात लावू नका.