सेल उतरलेत वाटतं

आमच्या घरात बॅटरी म्हणजे अख्खा टॉर्च. आत घालतात ते सेल. त्यामुळे परवा पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात माझ्या तोंडून "बॅटरीसाठी बॅटरी द्या" असं निघून गेलं, तेव्हा काउंटरपलीकडच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बॅटरीला सेल लागतो. कुठला देऊ?"

कुठला, तेच तर कळत नव्हतं. माझ्या खिशात बोटभर लांबीची विजेरी असते. (हा शब्द मी लिहिताना वापरतो, बोलायचा धीर होत नाही.) तिच्यात एकच पेन्सिल सेल बसतो. फोनला दिवा असताना ही कशाला, असं सगळे विचारतात. फोन पडला की काच जाते, ही पडली की फक्त आवाज होतो, एवढंच माझं उत्तर.

काकांनी आधी एक देखणा सेल पुढे सरकवला. लिथियम आयनचा, १४५००. नावातच माप आहे : १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य म्हणजे नळकांडं. पेन्सिल सेलाचा जुळा भाऊच, पण स्वभाव अगदी वेगळा. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, तर हा ३.७ चा आणि पूर्ण भरला की ४.२ चा. "भिंत पांढरी होईल बघा," काका म्हणाले. माझी विजेरी फक्त दीड व्होल्टची आहे, तिचं सर्किटच पांढरं झालं असतं. आणि समजा तिला चाललाही असता, तरी हा जुळा एकदा घरातल्या सेलांच्या डब्यात गेला आणि आईने तो भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर? नको.

मग अल्कलाइन. कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो, म्हणून मला तो आवडायचा. पण गेल्या वर्षी ड्रॉवरमध्ये विसरलेल्या विजेरीत एक गळला. पांढरी बुरशी धरावी तसा क्षार जमून झाकण असं बसलं की पकडीनेही हलेना. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणून कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावून, पुसून, वाळवून शेवटी ती वाचली. तेव्हा बाबांची आठवण झाली. तीन मोठ्या सेलांची त्यांची स्टीलची बॅटरी असायची. पावसाळा संपला की तिचे सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवायचे. ऊन खाल्लं की सेलांत थोडा जीव येतो, असं ते म्हणत. आणि दोन दिवस खरंच यायचा. त्या बॅटरीचं मला सर्वांत आवडायचं ते तिचं मरणं. उजेड आधी पिवळा, मग तांबूस, मग विडीच्या टोकाएवढा. "सेल उतरलेत," बाबा म्हणायचे, आणि नवे आणायला दोन दिवस मिळायचे.

चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइड सेल असा सांगून जात नाही. त्याच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं वाचून माणूस नाक मुरडतो. पण अल्कलाइन दीडवरून सुरू होऊन घसरतच जातो, हा १.२ जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो. आणि मग एकदम कोसळतो. सिंहगडाला आतकरवाडीकडून पहाटे पाचला चढताना माझ्याकडे असाच एक होता. लख्ख उजेड, लख्ख उजेड, आणि काळोख. मागून डोक्यावर ताकाची किटली घेतलेल्या एक मावशी बिनबॅटरीच्या आल्या आणि "हिकडून या" म्हणत पुढे निघूनही गेल्या.

दीड व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियमचे पेन्सिल सेलही मिळतात. सहसा गळत नाहीत, दहा-दहा वर्षं पडून राहिले तरी चालतात. रोजच्या वस्तूत ते घालणं म्हणजे रोजच्या चहात केशर.

अर्धा तास काकांचं डोकं खाऊन मी चार्जिंगचेच दोन घेतले. पूर्वी हे नुसते ठेवले तरी काही महिन्यांत रिकामे व्हायचे. २००५ च्या सुमारास चार्ज धरून ठेवणारे आले, हे त्यातले. एक विजेरीत, दुसरा प्लास्टिकच्या डबीत, कारण खिशात किल्ल्या आणि चिल्लर असते आणि शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, म्हणून बुधवारी रात्री चार्जर लावायचा, असंही ठरवलं. डबीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहायला जागा केली.

पहिल्याच बुधवारी विसरलो. गुरुवारी नळाला पाणी येईना म्हणून तळघरातली टाकी बघायला उतरलो, तर निम्म्या जिन्यात विजेरी गप्प. खिसा चाचपला, डबी वर टेबलावर, आणि तिच्यातला सेल तरी कधी चार्ज केला होता?

वरून खरडत पावलं आली. आई बाबांची बॅटरी घेऊन उतरत होती. भिंतीवर तांबूस गोल हलला.

"उतरलेत वाटतं," ती म्हणाली. "संध्याकाळी घेऊन ये."