दाजी, अंगठा सोडा की!

फिनलंडला स्नोमोबाईल चालवायला जाणार असाल, म्हणजे पुढं दोन स्की आणि मागं फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटारसायकल, तर ‘दोन तासांची जंगल सफारी’ या शब्दांवर अजिबात जाऊ नका. हे दोन तास त्यांच्या ऑफिसच्या दारातून निघून परत दारात येईपर्यंतचे. त्यात ओव्हरऑल, बूट, हेल्मेट चढवण्यात अर्धा तास जातो. मग सूचना, आणि मधे शेकोटीशी सॉसेज आणि गरम बेरीचा रस. मशीन प्रत्यक्ष पळते तासभरसुद्धा नाही. शिवाय जाहिरातीतला माणशी दर एका मशीनवर दोघं बसणार हे धरून असतो, अर्ध्यात चालवणारा बदलायचा. म्हणजे एवढ्या लांब जाऊन माझ्या हातात हँडल किती वेळ, तर पंचवीस मिनिटं. एकट्याला मशीन पाहिजे असेल तर वरचे पैसे मोजावे लागतात, आणि ते बुकिंगच्या शेवटच्या पानावर कळतं.

जानेवारीत मी आणि मेव्हणा फिनलंडच्या उत्तरेला रोव्हानिएमीला गेलो होतो. हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेनं साधारण बारा तास. झोप छान लागते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांताक्लॉजचं गाव, रेनडिअरची गाडी हेही झालं. पोरं बरोबर असतील तर जा.

लायसनचं मात्र नीट ऐका. चालवणाऱ्याला १८ पूर्ण आणि गाडीचं वैध लायसन लागतं. आम्ही कोल्हापूरच्या आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. काउंटरवरच्या माणसानं त्याच्याकडं बघितलंही नाही, मूळ लायसन बघून परत दिलं. तरी न्या. विमानाचं तिकीट काढून तिथं मागच्या सीटवर बसायची वेळ यायला नको. कपड्यांचं सांगत बसत नाही, थर घालायचे हे कळणारेच तिकडं जातात. फक्त पायात सुती मोजे नकोत. घाम आला की ते ओले होतात, आणि आमच्या वेळी उणे २४ होतं. चष्मा असेल तर हेल्मेटच्या आत वाफ धरतो आणि ती वाफ गोठते. मेव्हण्यानं अर्धी सफारी धुक्यात केली.

आता मुख्य मुद्दा. मी वीस वर्षं बुलेट चालवतोय, भर पावसात करूळ घाट उतरलोय. त्याच तोऱ्यात बसलो आणि तिथंच फसलो. स्नोमोबाईलला क्लच नाही, गिअर नाही, स्कूटरसारखा बेल्ट असतो. पण गॅस मुठीत नसतो, उजव्या अंगठ्याखाली एक पट्टी असते. आपली सवय काय, दचकलो की हँडल घट्ट आवळायचं. इथं आवळलं की अंगठाही दाबला जातो आणि मशीन थांबायच्या ऐवजी उडी घेते.

सुरुवातीला गोठलेल्या नदीवरून गेलो. सपाट, रुंद, काहीच अडचण नाही. गोठलेल्या पाण्यावर ताशी ८० किलोमीटर आणि जमिनीवर ६० अशी तिथं कायद्याची मर्यादा आहे, पण गाईड तुम्हाला तिथपर्यंत जाऊ देत नाही. मग वाट नदी सोडून जंगलात शिरली. दोन्हीकडं स्प्रूसची सूचीपर्णी झाडं, फांद्या बर्फानं वाकलेल्या, वाट जेमतेम मशीनएवढी. पुढच्या मशीनींनी पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या गोठलेल्या. ऊसतोडीत ट्रॉल्या गेलेली पाणंद आठवा आणि तिच्यात मोटारसायकल घाला, तसं. स्की एकदा चाकोरीत बसली की हँडल तुमचं ऐकत नाही. आमचा नंबर शेवटचा, त्यामुळं सगळ्यांनी उकरलेलं आमच्या वाट्याला आणि पुढच्यांचा बर्फाचा धुरळा तोंडावर. शेवटचा नंबर घेऊ नका. लाजू नका, गाईडच्या मागची जागा धरा.

डाव्या वळणावर मशीन कलली. मी बुलेटच्या सवयीनं पाय खाली टेकवायला गेलो. हे कधीही करायचं नाही, मशीनखाली पाय सापडला तर मोडतो. पाय वर घेताना हँडल आवळलं. मागून मेव्हणा ओरडतोय, “दाजी, अंगठा सोडा की, अंगठा!” गॅस जास्त झाला की पुढचं वजन हलकं होतं, स्की बर्फात धरत नाहीत, मशीन वळायचं सोडून नाकासमोर जाते. तशीच गेली. वाट सोडून मऊ बर्फात, एका स्प्रूसच्या फांदीखालून, आणि थांबली. उतरलो तर कमरेपर्यंत आत.

गाईड पोरगी विशी-बाविशीची. आम्हा दोघांचं वजन मिळून पावणेदोनशे किलो, तिचं निम्म्याच्या निम्मं असेल. ती काही बोलली नाही. मशीनच्या पुढचा बर्फ पायानं तुडवून घट्ट केला, स्की धरून तोंड वाटेकडं वळवलं, गॅस अगदी हलका देत बाहेर काढली. मी तोवर मशीन तिथंच रेटून पट्ट्यानं खड्डा खोल केला होता. रुतलात तर गॅस देऊ नका, हात वर करून थांबा.

परतल्यावर पुढच्या काचेला तडा दाखवला आणि २८० युरो घेतले. सकाळी माणशी २० युरोत नुकसानीची जबाबदारी कमी करून देतो म्हणाले होते, तेव्हा मी ‘लुटायला बसलेत’ म्हणून नको म्हटलं. घ्या ते. मी तर म्हणतो, जेवणात काटकसर करा पण ते घ्या. आणि निघायच्या आधी मशीनचे चारी बाजूंनी फोटो काढा, काचेचा जवळून. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. माझा बाहेरच्या खिशात होता, ४० टक्के बॅटरी असताना बंद पडला, त्यामुळं माझ्याकडं पुरावा नाही. तो तडा आधीचाच होता असं मी आजही म्हणतो. मेव्हणा म्हणतो, “फांदी काचेवरून माझ्या हेल्मेटवरच आली की, दाजी.”